कृष्णेच्या पाण्यासाठी जैवसंवेदक: पहिली पट्टी बनवताना

सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलांची प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की बायोसेन्सरचं नाव हमखास निघतं. लगेच मागोमाग सोन्याचे नॅनोकण नाहीतर ग्राफिन येतं. हा लेख त्या मुलांसाठीच आहे, पण सल्ला उलट्या टोकाचा आहे. आधी पाणी निवडा, मग प्रश्न ठरवा, मग मर्यादा बघा. नॅनोकणांची गरज पडलीच तर ती सगळ्यात शेवटी पडते, आणि बहुतेकदा पडत नाही.

जैवसंवेदकात, म्हणजे बायोसेन्सरमध्ये, दोन भाग असतात. एक ओळखणारा: एन्झाइम, अँटिबॉडी, डीएनएचा तुकडा किंवा अख्खी जिवंत पेशी. दुसरा ती ओळख मोजता येईल अशा खुणेत बदलणारा: रंग, विद्युतप्रवाह, प्रकाश. लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवायची कल्पना मांडली आणि इथून हा विषय सुरू झाला. घरी आजीची साखर तपासायचं यंत्र त्याच घराण्यातलं. त्यातल्या पट्टीवर एन्झाइम असतं आणि यंत्र मोजतं तो प्रवाह. पर्यावरणासाठीचा संवेदक तत्त्वाने तसाच, पण रक्त सगळ्यांचं साधारण सारखं असतं आणि नदीचं पाणी मात्र दर पंधरवड्याला बदलतं. खरी अडचण तिथे आहे.

पायरी पहिली: प्रश्न ठरवा

आपल्या भागात तीन प्रश्न समोर उभेच आहेत. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात कीटकनाशकांचे अंश. पुरानंतर विहिरी आणि नळयोजनांत शिरणारं मैलापाणी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनी तो धडा दिलेला आहे. आणि गळीत हंगामात नदीचा प्रवाह कमी असताना येणारं मळीमिश्रित पाणी, ज्यानंतर मेलेल्या माशांचे फोटो पेपरात येतात.

यातला एक निवडा. निवडताना स्वतःला विचारा की हे रीडिंग कोण बघणार आणि बघून काय करणार. बागायतदार काढणी चार दिवस पुढे ढकलेल का? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं प्रमाण वाढवेल का? कोणीच काही वेगळं करणार नसेल तर तो संवेदक सेमिनारपुरता आहे, हे निदान स्वतःला माहीत असावं.

नवख्याने कीटकनाशकांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. जिवंत जंतू हाताळावे लागत नाहीत, उत्तर तासाभरात मिळतं आणि चुकलं तर त्याच दिवशी पुन्हा करून बघता येतं. म्हणून पुढचा बराचसा भाग कीटकनाशक ओळखणाऱ्या कागदी पट्टीवर आहे.

पायरी दुसरी: मर्यादा आधी लिहून काढा

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात क्लोरपायरीफॉस लिटरला ३० मायक्रोग्रॅम, मॅलॅथिऑन १९० आणि मोनोक्रोटोफॉस अवघा १ मायक्रोग्रॅम चालतो. द्राक्षासाठी युरोपचा नियम वेगळा: क्लोरपायरीफॉसला २०२० मध्ये तिकडे मान्यता नाकारली गेली आणि अवशेषमर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आली. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर हवेत. तुमची पट्टी लिटरला ५०० मायक्रोग्रॅम ओळखत असेल तर ती फवारणीच्या पंपाखालचं डबकं ओळखेल, पिण्याचं पाणी नाही.

जंतूंच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक आहे. मानक म्हणतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये. तुमच्या सेन्सरवर १० मायक्रोलिटरचा थेंब बसतो. म्हणजे तुम्ही त्या पाण्याचा दहा हजारावा हिस्सा तपासला. थेंबात काही सापडलं नाही याला "पाणी शुद्ध" म्हणता येत नाही. एवढं पाणी आधी गाळून जंतू एका जागी गोळा करायचे किंवा त्यांना वाढू द्यायचं, हे दोनच मार्ग आहेत. कित्येक देखणे प्रोजेक्ट या एका भागाकारावर अडतात.

पायरी तिसरी: रसायन समजून घ्या

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकं कीटकाच्या मज्जासंस्थेतलं असेटाइलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. तेच एन्झाइम आपण कागदावर बसवायचं. त्याला असेटाइलथायोकोलिन खायला द्यायचं. एन्झाइम ठणठणीत असेल तर त्यातून थायोकोलिन सुटतं, ते डीटीएनबी या रंग देणाऱ्या रसायनाशी जुळतं आणि पिवळा रंग येतो. ही एलमन यांची १९६१ ची पद्धत. रंग ४१२ नॅनोमीटरवर मोजतात. कीटकनाशक असेल तर पिवळा कमी येतो किंवा येतच नाही.

रंग न येणं हा इथे धोक्याचा इशारा आहे, हे विसरू नका. एन्झाइम उन्हाने मेलं, पट्टी जुनी झाली, पाणी आम्लधर्मी निघालं, तरी रंग येणार नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी शेजारी स्वच्छ पाण्याचा एक ठिपका लागतोच.

आणखी एक मेख. क्लोरपायरीफॉसच्या रेणूत फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं, आणि तशा रूपात ते एन्झाइमला फारसं अडवत नाही. प्राण्याच्या शरीरात त्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो आणि मग ते घातक होतं. प्रयोगशाळेत हा बदल सौम्य ऑक्सिडीकरणाने घडवावा लागतो. त्यासाठी एन-ब्रोमोसक्सिनिमाइड वापरतात आणि उरलेलं ऑक्सिडंट एस्कॉर्बिक आम्लाने संपवतात. ही पायरी गाळली तर पट्टी क्लोरपायरीफॉसपुढे गप्प बसते. सुरुवातीला थेट काम करणारं कार्बारिलसारखं कार्बामेट घेऊन हात बसवा.

पायरी चौथी: पट्टी तयार करा

साहित्य: व्हॉटमन नंबर १ गाळणकागद, मेणाचा खडू, मायक्रोपिपेट, असेटाइलकोलिनएस्टरेज, असेटाइलथायोकोलिन आयोडाइड, डीटीएनबी, ०.१ मोलरचा फॉस्फेट बफर पीएच ८, झाकणाच्या पेट्री डिश, सिलिका जेल. एन्झाइम महाग असतं आणि ते बर्फात मागवावं लागतं. सरावासाठी गव्हाचं पीठ बफरमध्ये भिजवून, सेंट्रिफ्यूज करून वरची निवळी घेतली तर तिच्यातलं एस्टरेज इंडॉक्सिल असिटेटवर निळा रंग देतं. संवेदनशीलता कमी असते, पण थेंब सोडायची, वाळवायची, वेळ मोजायची सवय यात फुकटात होते.

कागदावर खडूने साधारण एक सेंटिमीटर व्यासाचे गोल काढा, दोन्ही बाजूंनी. वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री काही सेकंद दाबली की मेण कागदात मुरतं आणि थेंबाला कुंपण होतं. प्रत्येक गोलात एन्झाइमचे ५ मायक्रोलिटर सोडा. एन्झाइमच्या द्रावणात थोडं बीएसए (एक प्रथिन) आणि ट्रेहॅलोज (एक साखर) असू द्या. वाळताना एन्झाइमचा आकार त्यामुळे टिकतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर नको.

एन्झाइम किती टाकायचं? सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जास्त टाकलं तर पिवळा रंग झकास येतो, सरही खूष होतात, पण पट्टी आंधळी होते. भरपूर एन्झाइमपैकी थोडंसं कीटकनाशकाने मारलं तरी उरलेलं रंग देतच राहतं. म्हणून पाच-सहा विरलता करून बघा आणि पाच मिनिटांत डोळ्याला स्पष्ट दिसेल एवढाच पिवळा देणारी सर्वात कमी मात्रा निवडा.

आता गोलात नमुन्याचे १० मायक्रोलिटर सोडा आणि दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं एप्रिलच्या सांगलीत अवघड असतात, कारण थेंब पाच मिनिटांत वाळतो आणि वाळलेल्या कागदावर काही घडत नाही. पेट्री डिशमध्ये ओला कापूस ठेवून झाकण लावा. मग असेटाइलथायोकोलिन आणि डीटीएनबी यांचं मिश्रण सोडा. ते त्याच दिवशी केलेलं हवं, कारण असेटाइलथायोकोलिन पीएच ८ ला आपोआपही तुटतं. ही आपोआपची पिवळी छटा किती, हे कळण्यासाठी एन्झाइम न टाकलेला एक गोलही ठेवा.

एका पट्टीवर म्हणून किमान चार गोल: स्वच्छ पाणी, नमुना, नमुन्यात मुद्दाम घातलेलं कीटकनाशक, आणि एन्झाइमविना. तिसरा गोल मुलं गाळतात. गाळू नका, सातव्या पायरीत त्याचं काम आहे.

पायरी पाचवी: सुरक्षितता

कृषी सेवा केंद्रातली बाटली उघडून प्रयोग करायचा नाही. तिच्यात मूळ औषधाबरोबर विद्रावक आणि इतर मिश्रणं असतात, प्रमाणही अचूक माहीत नसतं, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट त्वचेतूनही शरीरात जातं. प्रमाणित स्टँडर्डची छोटी कुपी घ्या, फ्यूम हूडखाली नायट्राइल हातमोजे घालून गाइडसमोर विरल करा. उरलेलं मोरीत ओतायचं नाही. घरगुती ब्लीच घालून "निकामी" करायचा उद्योगही नको. गंधकाच्या रेणूंचं त्याने जास्त विषारी रूप होऊ शकतं. कॉलेजच्या घातक कचऱ्याच्या डब्यात जाऊ द्या.

पायरी सहावी: रंगाचा आकडा करा

फोनचा कॅमेरा पुरतो, पण फोनला हुशारी करू द्यायची नाही. आतून काळ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एलईडी पट्टी लावा, फोनची जागा पक्की करा, फ्लॅश बंद, प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर कुलूपबंद. फोटोत पांढऱ्या कागदाचा तुकडा कायम असू द्या. मग इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रंगांच्या वाहिन्या वेगळ्या करून निळी वाहिनी वाचा. पिवळा निळ्याला शोषतो, त्यामुळे फरक तिथे सर्वात मोठा दिसतो.

स्वच्छ पाण्याच्या गोलाच्या तुलनेत रंग किती टक्के घटला, तो अवरोध. कीटकनाशकाच्या वाढत्या प्रमाणांवर प्रत्येकी तीन गोल करा, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करा आणि आलेख काढा. प्रमाण लॉगमध्ये घेतलं की इंग्रजी एससारखा वळणाचा आलेख येतो; साधारण २० ते ८० टक्के अवरोधाचा मधला भाग सरळ असतो, आकडा तेवढ्यातच सांगा. शोधमर्यादेसाठी निदान दहा कोरे गोल करा. त्यांच्या सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिप्पट दूर जाणारा सर्वात लहान बदल, ती तुमची मर्यादा. स्टँडर्ड मेथॅनॉलमध्ये असेल तर तेवढ्याच मेथॅनॉलचा कोरा गोल हवा, कारण मेथॅनॉलही एन्झाइमला त्रास देतं.

पायरी सातवी: आता नदीवर

डिस्टिल्ड वॉटरमधला सुंदर आलेख घेऊन घाटावर गेलात की खरं काम सुरू होतं.

आधी जागा. सांगलीत शेरी नाला कृष्णेला मिळतो त्याच्या वरून एक आणि खालून एक नमुना घ्या. हरिपूरला वारणा येऊन मिळते, त्याच्या पुढचा नमुना म्हणजे दोन नद्यांची भेसळ हे लक्षात ठेवा. काठावरचं साचलेलं पाणी नको, वाहत्या धारेतलं घ्या. पूर असेल तेव्हा पाण्यात उतरायचं नाही, पुलावरून दोरीने बाटली सोडायची. बाटलीवर तारीख, वेळ, जागा, पाण्याचं तापमान लिहा. कीटकनाशकासाठी काचेची बाटली घ्या, कारण क्लोरपायरीफॉससारखे रेणू प्लास्टिकला चिकटतात.

मग पाण्याचे नखरे. पावसाळ्यात गढूळ तांबूस पाणी कागद रंगवतं. गाळून घेतलं तर रंग जातो, पण गाळाला चिकटलेलं कीटकनाशकही जातं. गाळलं की नाही हे वहीत लिहा, नाहीतर जुलै आणि फेब्रुवारीच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही. जत-आटपाडीकडच्या बोअरचं क्षारयुक्त पाणी असो किंवा कृष्णाकाठच्या क्षारपड रानातून निचऱ्याने येणारं, नमुन्यात बफर घालून पीएच आधी तपासा.

द्राक्षबागेजवळच्या ओढ्यात तांबं असतं. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद पावसाने वाहून येतं. तांबं थायोकोलिनला धरून ठेवतं आणि एन्झाइमलाही अडवतं, त्यामुळे कीटकनाशक नसताना पट्टी ओरडते. धातू पकडून ठेवणारं ईडीटीए थोडं घालून पुन्हा करा. रंग परत आला तर ओरड तांब्याची होती. द्राक्षाचा रस थेट टाकायचा मोह टाळा. त्यातलं टार्टारिक आम्ल एन्झाइमला बंद पाडतं. घड ठरावीक पाण्याने धुऊन ते पाणी बफरमध्ये आणलं तर सालीवरचे अंश तरी कळतात, घडाच्या आत गेलेले नाहीत.

इथे तो तिसरा गोल कामाला येतो. नदीच्या पाण्यात माहीत असलेलं प्रमाण घाला आणि पट्टी किती परत सांगते ते पाहा. ८० ते १२० टक्क्यांच्या आत आलं तर आलेख या पाण्याला चालतो. नाही आलं तर डिस्टिल्ड पाण्याचा आलेख बाजूला ठेवून त्याच नदीच्या स्वच्छ भागातल्या पाण्यात नवा आलेख काढा.

एक गैरसमज बागायतदारासमोरच मोडायला हवा. पट्टी पिवळी झाली म्हणजे घड औषधमुक्त, असं नाही. दावण्या आणि भुरीसाठी मारलेली बुरशीनाशकं या एन्झाइमला सहसा दिसत नाहीत. इमिडाक्लोप्रिड कीटकाच्या मज्जातंतूतल्या वेगळ्या जागी बसतं, म्हणून तेही दिसत नाही. उलट, रंग आला नाही तरी कोणतं औषध ते पट्टी सांगत नाही. त्या गटातल्या सगळ्यांचा एकत्रित परिणाम तेवढा दाखवते. निर्यातीचा निर्णय प्रयोगशाळेतल्या एलसी-एमएस या यंत्रावरच होणार. कोणता प्लॉट आधी लॅबला पाठवायचा हे ठरवायला पट्टी उपयोगी.

पायरी आठवी: जंतूंकडे वळायचं असेल तर

रोगजंतू वाढवायला जाऊ नका. ई. कोलाय हा मैलापाण्याचा सूचक. पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून निरुपद्रवी वाण कॉलेजच्या नावे मागवता येतो. या जंतूचं बीटा-ग्लुक्युरोनिडेज एन्झाइम एक्स-ग्लुक या रसायनापासून निळा रंग काढतं, आणि एमयूजी या दुसऱ्या रसायनापासून असा पदार्थ काढतं की ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली, नोटा तपासायला मिळतो तसल्या, निळसर चकाकी दिसते. नमुन्याला साधारण एक दिवस ऊब द्यावी लागते. ओ१५७ या रोगकारक वाणासारख्या काही वाणांत हे एन्झाइम बहुधा काम करत नाही, आणि काविळीच्या विषाणूंबद्दल ही चाचणी काहीच बोलत नाही.

गावात वापरली जाणारी, पाणी काळं होणारी एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली १९८२ मध्ये मांजा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, तीही याच जातीची. तुमचा नवा सेन्सर निदान तिच्याइतका स्वस्त किंवा तिच्याहून लवकर उत्तर देणारा हवा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून निर्जंतुक बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घाला. नाहीतर बाटलीतच जंतू मरतात आणि घाण पाणी पास होतं. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत लावा, २४ तासांच्या पुढे नको. डीएनए किंवा अँटिबॉडीवर आधारलेला सेन्सर करणार असाल तर उलटी अडचण: टीसीएलने मेलेल्या जंतूंचा डीएनए पाण्यात उरतो आणि सेन्सर तो मोजतो. जलसुरक्षकाने काम चोख केलेलं असतं आणि तुम्ही त्यालाच नापास करता. काम संपलं की सगळं १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा.

प्रदूषक दिसला की चमकणारे जनुकबदल केलेले जंतू आकर्षक वाटतात. त्यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते, आणि असे जंतू नदीकाठी नेऊन उघडायचे नसतात.

मळीमिश्रित पाण्याचा मार्ग तिसरा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन. त्याची चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस चालते. जपानमध्ये करुबे यांच्या गटाने १९७७ मध्ये ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर जंतूंचा थर बसवून तेच काम मिनिटांवर आणलं. असा संवेदक बरोबर मोजतो का हे तपासायला ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्ल प्रत्येकी लिटरला १५० मिलिग्रॅम असं ठरलेलं द्रावण वापरतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राला सोबत घ्या. हे एकट्याचं काम नाही.

पायरी नववी: दुसऱ्याच्या हातात द्या

पट्टी कशी बनते हे माहीत नसलेल्या मैत्रिणीला द्या. तिसऱ्याने बाटल्यांवर नुसते क्रमांक घालावेत आणि कशात काय हे शेवटपर्यंत सांगू नये. त्याच नमुन्यांचा दुसरा अर्धा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ द्या. खोटे इशारे किती आणि सुटलेले नमुने किती, हे दोन्ही आकडे अहवालात वेगवेगळे लिहा. पाण्यासाठी सुटलेला नमुना जास्त महागात पडतो.

निकाल घेऊन थेट कारखान्यावर बोट ठेवू नका. जल कायदा, १९७४ खाली पुरावा म्हणून चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी ठरलेल्या पद्धतीने घेतात. तुमच्या पट्टीचा आकडा, जागा आणि वेळ यांची नोंद त्यांना नमुना कुठे आणि कधी घ्यावा हे सांगायला पुरेशी असते.

प्रत्येक घाण्यातल्या काही पट्ट्या फ्रीजमध्ये आणि काही कपाटात, दोन्ही सिलिका जेलसकट बंद पाकिटात ठेवा. दर आठवड्याला दोन्हीकडची एक काढून स्वच्छ पाण्यावर चालवा. रंग सुरुवातीच्या ८० टक्क्यांखाली उतरेल त्याच्या आदल्या आठवड्याची तारीख पाकिटावर छापायची.